सुरतेत घरची ताजी मार्गारिटा, अर्थातच टकिलाशिवाय

आपल्या सुरतेत दारूबंदी आहे. १९४९चा मुंबई प्रांताचा कायदा १ मे १९६० नंतरही गुजरातेत चालूच राहिला. त्यामुळे उधना-लिंबायतच्या आपल्या मराठी घरांत मार्गारिटा करायची तर टकिलाशिवायच. पण लिंबू ताजं असेल तर तीही फक्कड होते.

मूळ मेक्सिकन पेयात तीन गोष्टी असतात: टकिला, संत्र्याचं लिकर आणि लिंबाचा रस. यातल्या संत्र्याच्या लिकरची जागा संत्र्याची साल उत्तम घेते. अर्धी वाटी साखरेत एका संत्र्याची केशरी साल किसून घाला (पांढरा भाग नको, कडवट लागतो), बोटांनी चोळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. सालीतलं तेल साखरेत उतरतं, घरभर वास सुटतो. मग अर्धी वाटी गरम पाण्यात ती साखर विरघळवून पाक गाळा, गार करा.

एका ग्लासला ३० मिली कागदी लिंबाचा रस, ३० मिली संत्र्याचा रस, २० मिली पाक. झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या बाटलीत भरपूर बर्फासह पंधरा सेकंद जोरात हलवा. वरून थोडा सोडा.

ग्लासाच्या काठाला लिंबाची फोड फिरवून जाडं मीठ लावा, पण अर्ध्याच काठाला, म्हणजे मीठ हवं की नको हे पिणारा ठरवेल.

बाटलीतला तयार रस मात्र वापरू नका. लिंबू आयत्या वेळी पिळा.