गुलमर्गला निघण्याआधी

काश्मीर पाहून आलेल्या घरांत एक फोटो हमखास सापडतो. भाड्याचे जाड जॅकेट, पायात स्कीचे जड बूट, हातात दोन काठ्या आणि मागे गुलमर्गचा पांढरा उतार. फोटो झाला की अर्ध्या तासात बूट काढलेले असतात. त्यात वाईट काही नाही. सहलीला गेलेल्या माणसाने सहलच करावी. पण मुलांना स्कीइंग खरोखर शिकवायचे असेल आणि आपल्यालाही थोडेफार शिकायचे असेल, तर तिकिटे काढण्याआधी घरात एक बैठक व्हायला हवी. यंदा कोणी काय साधायचे, एवढाच तिचा विषय.

आमच्या घरी ही बैठक तीन वर्षांपासून होते. प्रत्येकाने एका कागदावर आपले उद्दिष्ट लिहायचे आणि बाकीच्यांनी त्यावर प्रश्न विचारायचे. या बैठकांतून आमचे एक मत पक्के झाले आहे. ‘स्कीइंग चांगले यायला हवे’ हे लिहून काही उपयोग नाही. चांगले म्हणजे किती, हे संध्याकाळी खोलीत कांगडीशेजारी बसून मोजता येत नाही. ‘पाच वेळा उतरलो आणि पाचही वेळा ठरलेल्या खुणेपाशी थांबलो’ हे मात्र मोजता येते.

पहिल्या हंगामासाठी आम्ही थांबण्यालाच सर्वांत वर ठेवू. शिक्षकही तेच आधी शिकवतात. स्कीची पुढची टोके जवळ आणायची, मागची फाकवायची, आणि आतल्या कडा बर्फात दाबायच्या. याला स्नोप्लाऊ म्हणतात. ऐकायला सोपे आहे, पण घाबरलेला माणूस मागे रेलतो. त्याचे वजन टाचांवर जाते आणि मग स्की त्याला घेऊन पळतात. नडग्या बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेल्या हव्यात, हे एकच वाक्य शिक्षक दिवसभर बोलत असतात, आणि ते पायांत उतरायला दोन-तीन दिवस जातात. त्यानंतर वळणे. डाव्या स्कीवर भार दिला की आपण उजवीकडे वळतो, हे डोक्याला पटते, पायाला पटत नाही. शिवाय प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते. आमच्या चौदा वर्षांच्या मुलीची डावी. यंदा तिच्या कागदावर फक्त ‘डावे वळण’ असे दोन शब्द आहेत, आणि सगळ्या कागदांत तोच आम्हाला सर्वांत शहाणा वाटला.

खरी खडाजंगी झाली ती एकोणीस वर्षांच्या मुलाच्या कागदावर. त्याने लिहिले होते : ‘गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून स्की करत खाली.’

“खालच्या उतारावर न पडता सलग दहा वळणे होतात का?”

“आठ होतात, अब्बा.”

“मग?”

“दोनच तर कमी आहेत.”

इथे हसण्यासारखे काही नव्हते. गुलमर्गच सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि तो अफरवाटच्या कुशीत सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. तिथून खाली पसरलेले उतार शिकाऊ माणसासाठी नाहीत. ताजा बर्फ पडला की हिमस्खलनाचा धोका वाढतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, खिलनमर्गच्या बाजूला एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. दूरवरून खास या बर्फासाठी आलेली माणसेही तिथे सापडतात, मग आठ वळणांचे भांडवल किती पुरणार?

दादी इतका वेळ गप्प ऐकत होत्या. त्यांनी विचारले, “वर काय आहे रे?”

“बर्फ.”

“आणि खाली?”

शेवटी तोडगा निघाला. दुसऱ्या टप्प्यावर जायचे ते पाहायला, आणि परतायचे गोंडोलानेच. कोंगडोरीहून गुलमर्गपर्यंत स्की करत यायचे की नाही, हे शेवटच्या दोन दिवसांत शिक्षक ठरवतील. तो नाही म्हणाला तर वाद घालायचा नाही, हेही कागदावर लिहून घेतले. मुलगा अजून थोडा फुगलेला आहे.

बर्फाचाही भरवसा धरू नये. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची मैदाने कोरडी होती आणि पर्यटक पिवळ्या गवतावर उभे राहून परतले. २०२५ मध्ये खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीत व्हायचे होते, ते बर्फाअभावी मार्चवर गेले. म्हणून ‘सहा दिवस स्की करायची’ असे कोणी लिहिले की आम्ही ते खोडतो. दिवस किती मिळतील हे आपल्या हातात नाही. मिळालेल्या दिवशी काय करायचे, तेवढे लिहावे.

यंदा तारखांचा आणखी एक हिशेब आहे. २०२७ मध्ये रमजान ८ फेब्रुवारीच्या आसपास, चंद्रदर्शनानुसार, सुरू होईल. पुढच्या वर्षी तो आणखी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकेल. म्हणजे काही वर्षे स्कीचा हंगाम आणि रोजे एकमेकांत येणार. रोजा ठेवून त्या थंडीत, त्या उंचीवर दिवसभर उतारावर राहायचे, असे नवशिक्याने ठरवू नये असे आम्हाला वाटते. चिल्ला-ए-कलां, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस कडाक्याचे दिवस, संपायच्या आत जानेवारीच्या उत्तरार्धात जाऊन यायचे आम्ही ठरवले आहे. वजू आणि मसहचे प्रश्न आपल्या आलिमांना घरूनच विचारून निघावे. बर्फात बूट काढता-घालताना ते आठवत बसणे फार त्रासाचे होते.

तयारी मात्र इथेच सुरू होते. कोंढव्यातल्या आमच्या इमारतीला पाच मजले आहेत. लिफ्ट बंद केल्यासारखी वापरायची नाही. उतरताना सावकाश, कारण स्कीला मांडीचे तेच स्नायू लागतात. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभे राहायचे. पहिल्या आठवड्यात अर्ध्या मिनिटातच पाय थरथरतात. सहा-आठ आठवडे हे केले तर उतारावर दुपारनंतरही पाय साथ देतात. पडण्याचे आणि दुखापतीचे प्रमाण थकल्यावरच वाढते. मुलींसाठी एक सूचना : हेल्मेटखाली पातळ, अंगासरशी टोपीवजा हिजाब घालावा, पिना नकोत, आणि ओढणीचे टोक जॅकेटच्या आत असावे. ओढलिफ्टच्या दांड्यात काहीही अडकता कामा नये.

मुलाच्या खोलीत आरिफ खानचा फोटो आहे. टंगमर्गजवळच्या गावातला, वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान, चौथ्या वर्षापासून बर्फावर. पैशांअभावी त्याची २०१८ची ऑलिंपिकची संधी हुकली. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकटाच खेळाडू होता. १३ फेब्रुवारीला भर हिमवर्षावात झालेल्या जायंट स्लॅलममध्ये अनेकांना शर्यत पूर्ण करता आली नाही. आरिफने ती पूर्ण केली आणि ४५वा आला. तीन दिवसांनी स्लॅलममध्ये मात्र त्याला पहिलीच फेरी पुरी करता आली नाही. मुलाला ही दोन्ही निकालपत्रे पाठ आहेत.

आम्हा दोघांचे कागद सर्वांत छोटे. पन्नाशीकडे झुकलेल्या गुडघ्यांनी चौथ्या दिवशीही सकाळी उतारावर उभे राहायचे, बस. प्रशिक्षणाच्या अर्जासोबत तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते, म्हणून पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचे आहे. एकाचा रक्तदाब मागच्या वेळी थोडा वर होता. तो अजून तसाच असेल, तर एक कागद पुन्हा लिहावा लागेल.