पाच हजाराव्या पानाची किंमत

यादीखाली १, २, ३ असे आकडे दिसले, की डेटाबेसातही माहिती पानापानांनी लावून ठेवलेली असेल असे वाटते. तसे नसते. तिथे फक्त ओळी असतात आणि पान दर वेळी नव्याने कापावे लागते. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांत हे काम ‘लिमिट’ आणि ‘ऑफसेट’वर चालते: इतक्या ओळी सोडा, पुढच्या इतक्या द्या. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अशीच सोय २०१२च्या आवृत्तीत आली. पद्धत शिकायला सोपी आहे, पण मोठ्या आणि सतत बदलणाऱ्या यादीसाठी ती चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोडलेल्या ओळीही डेटाबेसला आधी काढाव्याच लागतात. पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच तसे बजावले आहे. पानाला २० ओळी धरल्या, तर पाच हजाराव्या पानासाठी ९९,९८० ओळी काढून टाकून द्यायच्या. मला त्याहून गंभीर वाटतो तो दुसरा दोष. वाचक पहिल्या पानावर असताना वर नवी नोंद आली, तर त्या पानाची शेवटची नोंद दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते. एखादी नोंद खोडली गेली, तर एक ओळ न दिसताच निसटते. मंद पान निदान जाणवते. निसटलेल्या नोंदीचा पत्ताही लागत नाही, आणि तीच यादी दुसरा प्रोग्राम उतरवून घेत असेल तर हिशेबच चुकतो.

यावर उपाय पोथीत खूण ठेवण्यासारखा आहे. शेवटच्या नोंदीची तारीख आणि क्रमांक लक्षात ठेवायचा आणि त्यापुढच्या २० मागायच्या. नुसती तारीख पुरत नाही, कारण एकाच क्षणी दोन नोंदी होऊ शकतात. या दोन रकान्यांवर त्याच क्रमाने इंडेक्स असला, की डेटाबेस थेट खुणेपाशी पोहोचतो; पहिल्या आणि पाच हजाराव्या पानाला जवळजवळ सारखाच वेळ लागतो.

यात थेट ३७व्या पानावर उडी मारता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण ३७व्या पानावर काय आहे, हे वाचकाला कुठे ठाऊक असते? त्याला एखादी तारीख किंवा नाव हवे असते, आणि ते शोधण्याची सोय देणे हेच खरे उत्तर. इलास्टिकसर्च हे शोधयंत्र तर मूळ मांडणीत १०,००० नोंदींपलीकडे अशी उडी नाकारतेच. शे-दोनशे ओळींच्या, क्वचित बदलणाऱ्या यादीला मात्र ऑफसेट खुशाल वापरावा.

तुमच्या हाती ऑफसेटवर चालणारी मोठी यादी असेल, तर तिच्या सर्वांत लांबच्या पानाची क्वेरी ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइज’ लावून चालवा आणि २० ओळींसाठी किती ओळी काढल्या गेल्या ते पाहा.