रुग्णालयातले ग्रंथालय : कोणाचे, कशासाठी?

• दोन प्रकार. वैद्यकीय ग्रंथालय डॉक्टर, परिचारिका आणि विद्यार्थ्यांसाठी असते. तिथे पाठ्यपुस्तके, नियतकालिके आणि संदर्भ शोधून देण्याची सेवा मिळते. रुग्ण-ग्रंथालय रुग्ण व नातेवाइकांसाठी असते. तिथे आजारांची सोप्या भाषेतली माहिती असते, शिवाय कथा-कादंबऱ्याही. वॉर्डात त्यांनाच मागणी जास्त! पुस्तके ढकलगाडीवरून खाटेपर्यंत नेण्याची पद्धत जुनी आहे.

• मुंबईचे उदाहरण : डॉ. अनिरुद्ध आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी सुरू केलेले ‘हेल्थ एज्युकेशन लायब्ररी फॉर पीपल’ (हेल्प). सामान्य माणसासाठी आरोग्य-ग्रंथालय.

• पेडगावहून पाहता : हे परभणी तालुक्यातले, परभणी–मनमाड लोहमार्गावरचे गाव. परभणीत २०२३पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयाला ग्रंथालय बंधनकारक असते.

• सार्वजनिक वाचनालय वेगळे. त्याला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ लागू. दर्जा अ, ब, क, ड, अनुदान दर्जानुसार.

• घरबसल्या : ‘पबमेड’ ही वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची १९९७पासून सर्वांना मोफत. मात्र त्यात बहुतेक ठिकाणी लेखाचा गोषवाराच मिळतो. पूर्ण लेखांसाठी ‘पबमेड सेंट्रल’ (२०००). दोन्ही इंग्रजीत.

• १२ ऑगस्ट : ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती, राष्ट्रीय ग्रंथपाल दिन.

• आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४. तातडीची रुग्णवाहिका हवी असेल, तर १०८.