नळ, बोअर, टँकर आणि फिशटँक

वीसेक वर्षांपूर्वी औरंगाबादेत कुणी झाडांचा फिशटँक करायला घेतला की डोळ्यांसमोर जपानच्या ताकाशी अमानोंच्या टँकचे फोटो असायचे. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ. आपलं शहर बेसॉल्टवर वसलेलं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट भरपूर.

सगळे पडले पीएचच्या मागे. कुणी दुकानातून बाटली आणे, कुणी लिंबू पिळे. रात्री किटमधलं पाणी पिवळं, सकाळी पुन्हा निळं. कारण पाण्यातले बायकार्बोनेट, ज्यांचं माप म्हणजे केएच. ते घातलेलं आम्ल गिळत राहतात, आणि संपले की पीएच धाडकन खाली येतो. मग संशय वाळूवर गेला, आणि तो खरा निघाला. नदीच्या वाळूत चुनखडीचे पांढरे खडे असतात. मूठभर वाळूवर व्हिनेगर ओता, फसफसली तर ती बांधकामाला द्या. सीओटू सोडलेल्या टँकमध्ये ते खडे विरघळतात आणि जडपणा चढत जातो.

घरोघरी आरओ आल्यावर त्याचं मऊ पाणी बोअरच्या पाण्यात मिसळणं सुरू झालं. केएच 4 वर ठेवून सीओटूने पीएच 6.6 पर्यंत उतरवला, की लिटरमागे साधारण 30 मिलिग्रॅम सीओटू झाडांना मिळतो. नुसतं आरओ ओतणाऱ्यांच्या टँकमध्ये मात्र कॅल्शियमअभावी कोवळी पानं मुडपली. शिवाय बादलीभर आरओमागे दोन-तीन बादल्या मोरीत. पाण्याच्या दिवसाची वाट पाहणाऱ्या गावात हे जरा अतिच. त्या पाण्याने निदान फरशी तरी पुसावी.

2016 च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणाऱ्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा संपला आणि खरी परीक्षा झाली. आज नळ, उद्या टँकर, आणि टँकर कुठल्या बोअरवर भरला ते विचारायची सोय नाही. जड पाण्यात मुरलेला मासा जगतो. पाणी एका दिवसात पालटलं तर दगावतो. अशा पाण्यात मऊ पाण्यातला डिस्कस मासा पाळणं म्हणजे जुगार. गप्पी आणि मॉलींना जड पाणीच मानवतं. व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती तर बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेते, म्हणून वेगळा सीओटू न सोडताही फोफावते.

माझं मत तेव्हापासून व्हॅलिस्नेरियाच्या बाजूने. मऊ पाण्याचा हट्ट धरणारे आजही आहेत, आणि त्यांचे टँक देखणे असतात यात वाद नाही. पण टँकरचं पाणी आधी ड्रममध्ये घेणं, मीटर लावून पाहणं आणि थोडं थोडं सोडणं हे आता दोन्ही पंथ करतात.