गाडीत बसून गाड्या मोजताना

मागच्या पोस्टनंतर दोघातिघांनी विचारलं, "फील्डवर्क म्हणजे नक्की काय करता? रस्त्यावर उभं राहून गाड्या मोजता का?" उभं राहून नाही, गाडीत बसून. आज तीच पद्धत सांगते, आणि तिच्यात माझा पहिला महिना कसा वाया गेला तेही.

माझा रस्ता म्हणजे विरार फाटा ते विरार स्टेशन, चंदनसारवरून. एका टोकाला मुंबई-अहमदाबाद महामार्ग, दुसऱ्या टोकाला लोकल. वसई-विरार महापालिका २००९ साली झाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. रेल्वेच्या पूर्वेला राहणाऱ्या आणि कामाला मुंबईकडे जाणाऱ्या माणसाचा दिवस अशाच एखाद्या रस्त्यावर सुरू होतो. माझा प्रश्न साधा होता: फाट्यावरून स्टेशनला जाणाऱ्या वाहनाला सरासरी किती वेळ लागतो?

यासाठी वॉर्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९५४ साली मांडलेली 'मूव्हिंग ऑब्झर्व्हर' पद्धत आहे. कॅमेरे लागत नाहीत. एक गाडी, एक चालवणारा, एक-दोन मोजणारे आणि घड्याळ एवढं पुरतं. (चालवणाऱ्याने मोजायचं नाही, हा पहिला नियम!)

आपल्याला फाटा ते स्टेशन ही दिशा मोजायची आहे. आधी उलट, म्हणजे स्टेशनवरून फाट्याकडे जायचं आणि समोरून येणारी वाहनं मोजायची. मग फाट्यावरून स्टेशनला यायचं आणि दोन गोष्टी मोजायच्या: आपल्याला किती वाहनांनी ओव्हरटेक केलं आणि आपण किती वाहनांना मागे टाकलं. दोन्ही फेऱ्यांचा वेळ लिहायचा.

हिशेबाला सोपे पडावेत असे आकडे घेऊ. जाताना १२ मिनिटं लागली, समोरून ३०० वाहनं आली. येताना १८ मिनिटं लागली. १० वाहनं आपल्या पुढे गेली, ४० ना आपण मागे टाकलं. फरक १० वजा ४०, म्हणजे उणे ३०. आता ३०० मध्ये हा उणे ३० मिळवायचा आणि एकूण ३० मिनिटांनी भागायचं. उत्तर: मिनिटाला ९ वाहनं. हा झाला प्रवाह. आपण जास्त वाहनांना मागे टाकलं, म्हणजे आपण सरासरीपेक्षा जलद होतो. किती? ३० भागिले ९, म्हणजे साधारण ३.३ मिनिटं. म्हणून सरासरी वेळ १८ अधिक ३.३, म्हणजे २१.३ मिनिटं.

इथपर्यंत पुस्तक बरोबर आहे. अडचण रस्त्यावर येते.

मागे टाकलेल्या त्या ४० मध्ये २० शेअर रिक्षा असतील, कडेला थांबलेल्या, तर? त्या धरायच्या की नाही? समजा नाही धरल्या आणि जातानाही तशाच २० सोडल्या. मग समोरून आलेली वाहनं २८०, फरक उणे १०. प्रवाह पुन्हा मिनिटाला ९ च येतो! पण सरासरी वेळ होतो १९.१ मिनिटं. फेरी तीच, रस्ता तोच, उत्तरात दोन मिनिटांहून जास्त फरक.

पहिल्या महिन्यात माझं हेच झालं. मामेभाऊ गाडी चालवायचा, मी आणि मैत्रीण मोजायचो. ती जाताना थांबलेल्या रिक्षा सोडायची, मी येताना धरायचे. अकरा फेऱ्या झाल्यावर आकडे समोरासमोर ठेवले तेव्हा लक्षात आलं. प्रवाह ठीक दिसत होता म्हणून शंकाही आली नव्हती. अकराच्या अकरा फेऱ्या बाद.

गाईडनी एकच प्रश्न विचारला, "तुला कोणाचा प्रवास मोजायचाय?" रिक्षा सीट भरायला चार मिनिटं थांबली, तर आत बसलेल्या बाईची ती चार मिनिटं प्रवासातलीच आहेत. तिची लोकल त्यातच चुकते. त्या रिक्षा गाळल्या तर रस्ता कागदावर जलद होतो, तिच्यासाठी नाही. मात्र स्टँडवर रिकामी उभी असलेली रिक्षा त्या वेळी कुठेच चाललेली नसते. म्हणून नियम ठरवला: प्रवासी आत असतील किंवा चढत-उतरत असतील तर धरायची, रिकामी उभी असेल तर वेगळ्या रकान्यात. कैरोच्या उपनगरांत हात दाखवला की थांबणाऱ्या मायक्रोबस आहेत. तिथे हे मोजायला गेलात तरी हाच प्रश्न आधी सोडवावा लागेल.

दुसरा खड्डा लोकलचा. ही पद्धत धरून चालते की दोन्ही फेऱ्यांत प्रवाह साधारण सारखा आहे. पण संध्याकाळी गाडी लागली की स्टेशनवरून रिक्षांचा लोंढा सुटतो, मग जरा शांत. मी स्वतः लोकलने उतरून लगेच फेरी सुरू करायचे, म्हणजे दर वेळी लोंढ्याबरोबरच. आता सुरुवातीची वेळ आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवते.

तुमचा विषय वाहतूक नसेलही. तरी डेटा गोळा करण्याआधी तीन गोष्टी करा. काय धरायचं आणि काय नाही ते एका पानावर लिहा. दोघांनी एकाच वेळी, वेगवेगळं मोजून आकडे जुळतात का बघा. आणि शंकास्पद नोंद फेकू नका, तिला वेगळा रकाना द्या. नंतर मिळवता येते, पण न लिहिलेली परत आणता येत नाही.

माझ्या नव्या फेऱ्या पुढच्या सोमवारपासून. मामेभावाने पेट्रोलसोबत वडापावही लावून घेतलाय. प्रश्न असतील तर विचारा.