चार कोपऱ्यांची साक्ष

मनगटी घड्याळ चौकोनी असावं, याला यंत्राच्या बाजूने एकही कारण नाही. काटे गोल फिरतात, चाकं गोल, ठेका धरणारं बॅलन्स चाकही गोल. गोल केस, म्हणजे बाहेरचं कवच, लेथवर सहज कातता येते, तिचं झाकण आट्यांनी घट्ट बसतं, काचही मापानुसार तयार मिळते. चौकोनी घड्याळात यातली एकही सोय नाही. बनवणाऱ्याला त्रास, दुरुस्त करणाऱ्याला त्रास आणि पावसाळ्यात वापरणाऱ्यालाही त्रास. तरीही १९२० ते १९६० या काळातली चौकोनी, आयताकृती घड्याळं हौसेने शोधणारी माणसं आहेत. त्यांच्या हौसेचं मूळ या त्रासातच आहे, हे मला गिरगावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात बसून पाहिल्यावर पटलं.

दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, सुट्या भागांच्या डब्या. घड्याळजी सत्तरीचे. त्यांच्यासमोर तिशीतला, बँकेत नोकरी करणारा एक संग्राहक. त्याने आयताकृती घड्याळ टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर ठेवलं. चावीचं, स्विस बनावटीचं, गोल्ड-फिल्ड केसचं.

“काका, विकणाऱ्याने दोन दिवसांच्या बोलीवर दिलंय. चालू आहे. घेऊ का, ते तुम्ही सांगा.”

काकांनी डोळ्याला आयग्लास लावला. डायलवरचं नाव वाचतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घड्याळ आडवं धरलं आणि केसची कड दिव्यासमोर हळूहळू फिरवली. प्रकाशाची रेघ कडेवरून सरळ सरकत गेली आणि कोपऱ्याशी येऊन मोडली.

“गोल घड्याळ पॉलिश मारून आणलं तर मलासुद्धा कधी कधी पटकन कळत नाही. याचं लपत नाही,” ते म्हणाले.

कारण साधं आहे. पॉलिशचं कापडी चाक सपाट पृष्ठभागापेक्षा कडा जास्त खातं. गोल केस चारी बाजूंनी सारखी झिजते आणि गोलच राहते. चौकोनी केसचा कोपरा मात्र वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा बसतो. दोन पृष्ठभाग जिथे धारेने भेटायला हवेत, तिथे प्रकाशाची रेघ मोडत नाही, वळून पुढे जाते. गोल्ड-फिल्ड केसवर सोन्याचा थर पातळ असतो. तो आधी कोपऱ्यांवर आणि पट्टा अडकवायच्या टोकांवर उडतो, आणि आतलं पितळ दिसू लागतं. या घड्याळाच्या एका टोकावर किंचित पितळ होतं, बाकी धारा शाबूत होत्या. काकांनी मान डोलावली. केस पास झाली.

मग त्यांनी पात्याने मागचं झाकण सोडवलं. चौकोनी झाकणाला आटे पाडता येत नाहीत, ते दाबून बसवलेलं असतं. आत मशीनही आयताकृती होतं, केसच्या आतल्या भिंतींना जवळजवळ टेकलेलं. संग्राहकाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. पुष्कळ चौकोनी घड्याळांत छोटं गोल मशीन बसवून भोवतीची रिकामी जागा पट्टीने भरलेली असते. त्यात फसवणूक नाही, काटकसर आहे. पण केसच्या आकाराचंच मशीन घडवणं हे वेगळं काम. मुख्य स्प्रिंगचा डबा एका टोकाला, बॅलन्स दुसऱ्या टोकाला, त्यामुळे दोघांनाही ऐसपैस जागा मिळते. ओमेगाचं १९३०च्या दशकातलं टी-१७ हे अशा रचनेचं नावाजलेलं मशीन. एकदा चावी दिली की साठ तास चाले. अमेरिकेतल्या ग्रुएन कंपनीने तर १९३५ मध्ये ‘कर्व्हेक्स’ आणलं. त्यात मनगटाच्या बाकाप्रमाणे केस वाकवली होती आणि तिच्यासोबत आतलं मशीनही.

एवढी उठाठेव कशासाठी? खिशातली घड्याळं गोल होती. त्यांना कड्या लावून मनगटावर बांधलं तरी ती खिशातलीच वाटत. चौकोनी घड्याळ मात्र पाहताक्षणी मनगटासाठी केलेलं दिसे. १९०४ मध्ये लुई कार्तियेने वैमानिक अल्बेर्तो सांतोस-द्युमों याच्यासाठी केलेलं घड्याळ चौकोनीच होतं. १९१७ मध्ये कार्तियेने ‘टँक’ हे घड्याळ रेखाटलं. पहिल्या महायुद्धातला रेनो रणगाडा वरून पाहिला तर जसा दिसेल, तशी दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्यांची ती आकृती. त्याच पट्ट्या पुढे येऊन पट्टा धरतात, त्यामुळे घड्याळ आणि पट्टा यांत सांधा जाणवत नाही. १९३१चं ‘रिव्हर्सो’ तर आपल्याकडच्या मैदानावरून सुचलेलं. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. त्यावर रने-आल्फ्रेड शोव्हो याने काढलेला उपाय असा, की केस चौकटीत सरकवून उलटी करायची, म्हणजे धातूची पाठ वर येते. गोल केसला सरकायला असे सरळ रूळ मिळालेच नसते. इथे आकार आणि उपयोग एकमेकांत पुरते मिसळले.

याच काळात सरळ रेषा, पायऱ्या आणि ठसठशीत कोन यांचं आर्ट डेकोचं वेड जगभर पसरलं. या दुकानापासून चालत जाता येईल अशा मरीन ड्राइव्हवर आणि पुढे ओव्हल मैदानाच्या कडेला त्याच वळणाच्या इमारती उभ्या आहेत. २०१८ मध्ये ओव्हल परिसर आणि मरीन ड्राइव्ह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. त्या इमारतींच्या गॅलऱ्यांच्या पायऱ्या आणि १९३०च्या दशकातल्या आयताकृती केसच्या कडा एकाच रुचीच्या खुणा आहेत.

आता काका डायलकडे वळले, आणि त्यांची मान डोलायची थांबली.

“रंगवलीय.”

संग्राहकाने कसं ओळखलं विचारलं. काकांनी चिमट्याचं टोक मिनिटांच्या खुणांवर धरलं. गोल डायलवर साठ खुणा सारख्या अंतरावर येतात. चौकोनी डायलवर तसं करून चालत नाही. काटा दर मिनिटाला सहा अंशच फिरतो, पण तेवढ्याच कोनाने कडेवर कापलेलं अंतर कोपऱ्याकडे वाढत जातं. डायल नेमकी चौरस असेल तर कोपऱ्यापाशी दोन खुणांमधलं अंतर बाराच्या आकड्यापाशी असतं त्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. आयतात वरच्या कडेचं आणि उभ्या कडेचं गणित निराळं. मूळ कारखान्यातल्या ठशात हा हिशेब केलेला असतो. नंतर हाताने रंगवणारा कारागीर घाईत खुणा सारख्या अंतरावर मारून मोकळा होतो. या डायलवर एक वाजून सात मिनिटांनी काटा खुणेच्या शेजारून गेला असता. सेकंदांची खालची छोटी चौकटही एका बाजूला कललेली होती.

डायल का रंगवावी लागली असेल, याचं उत्तर झाकणातच होतं. गोल घड्याळात झाकणाखालच्या रबरी रिंगवर सगळीकडून सारखा दाब येतो. चौकोनात कोपऱ्यांवर तो सैल पडतो आणि मुंबईचा दमट वारा तिथूनच आत जातो. डायलवर डाग येतात, काट्यांना गंज चढतो. चौकोनी ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, पाण्यापासून वाचवायला १९६९ साल उजाडलं. ह्यूअर कंपनीच्या ‘मोनॅको’ घड्याळात केसचे वरचा आणि खालचा असे दोन भाग खाचांवर दाबून अडकवायची खास रचना वापरली होती. जुन्या, साध्या चौकोनी घड्याळांच्या मालकांना पर्याय बहुधा एकच: डायल काळी पडली की रंगवून घ्या.

परदेशातले संग्राहक अशी रंगवलेली, चार घड्याळांचे भाग जुळवून उभी केलेली घड्याळं ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. त्यातली चीड रास्त आहे, पण अर्धीच. ज्याने घड्याळ वेळ पाहायला घेतलं होतं, त्याने डायल स्वच्छ करून घेतली यात गैर काही नाही. ती दुरुस्ती होती. लबाडी सुरू होते ती नंतर, मूळची म्हणून विकताना.

काच शेवटी. जुनी काच पिवळी पडली होती, एका कोपऱ्यात चीर होती. गोल काच मिलिमीटरच्या मापाने डबीतून निघते. ही मात्र काकांनी जाड पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यातून कापून दाखवली. करवतीने कापायची, कानशीने एकेक बाजू घासायची, बसवून पाहायची, पुन्हा घासायची. सैल राहिली तर पाणी आत, जास्त घट्ट झाली तर कोपऱ्यातून तडा. बाकदार काच असेल तर प्लास्टिक गरम करून वळवायचं, हे आणखी वेगळं. संग्राहक हे सगळं श्वास रोखून पाहत होता. त्याचा चहा तसाच गार झाला.

मापाचीही एक गंमत आहे. ही जुनी पुरुषांची घड्याळं पुष्कळदा वीस-बावीस मिलिमीटर रुंदीची असतात, म्हणून आजच्या ताटलीएवढ्या घड्याळांची सवय असलेले लोक ती बायकी म्हणून बाजूला ठेवतात. पण चौरसाला कोपऱ्यांची जागा जास्तीची मिळते. तीस मिलिमीटरच्या चौरसाचं क्षेत्रफळ साधारण चौतीस मिलिमीटरच्या वर्तुळाएवढं भरतं. शर्टाच्या बाहीखाली चौकोनी घड्याळ सपाट बसतं. मागणी कमी असल्यामुळे अमेरिकी हॅमिल्टन, बुलोव्हा, एल्जिनची आयताकृती घड्याळं त्याच काळातल्या नावाजलेल्या गोल घड्याळांच्या मानाने अजून सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आहेत.

काकांचा निकाल सरळ होता. “केसचे आणि मशीनचे पैसे द्या, डायलचे देऊ नका. आणि पुन्हा रंगवायला माझ्याकडे आणू नका.” संग्राहकाने विकणाऱ्याला तिथूनच फोन लावला, भाव खाली आणला आणि घड्याळ घेतलं.

तुमच्या घरात असं एखादं घड्याळ पडून असेल, तर ते चमकवायच्या फंदात पडू नका. आतलं तेल वाळलेलं असतं, म्हणून चावी देऊन पाहण्याआधी सर्व्हिसिंग करून घ्या. पाण्यापासून दूर ठेवा, पावसाळ्यात घालू नका. दुरुस्तीला देताना एकच गोष्ट बजावून सांगा: केसला पॉलिशचं चाक लावायचं नाही. मशीनचे भाग शोधले तर मिळतात, काच नवी कापता येते, पट्टा बदलता येतो. झिजलेला कोपरा मात्र परत मिळत नाही.