इंजिन ऑइल घरीच बदलता येते, पण काढलेले काळे ऑइल जाणार कुठे?

गेवराई : सोलापूर-धुळे महामार्गावरच्या या गावात गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बीडला जायचे तर ३०-३५ किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरला जायचे तर त्याच्या जवळपास तिप्पट. दवाखाना, बाजार, लग्नसराई, शेत अशी गाडीची धाव रोजचीच असते. त्यामुळे वर्षातून एकदा तरी इंजिन ऑइल बदलण्याचा प्रश्न प्रत्येक गाडीवाल्यासमोर येतो. एरवी हे काम गॅरेजमधल्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर गाडी चढवून होते. अलीकडे मात्र ऑनलाइन दुकानांत ‘ऑइल एक्स्ट्रॅक्टर’ नावाचा हातपंप मिळू लागला आहे. गाडीखाली न शिरता, एकही नट न खोलता बॉनेटच्या बाजूनेच जुने ऑइल ओढून काढता येते, असे त्याबद्दल सांगितले जाते. हे खरे किती, धोका कुठे आणि निघालेल्या ऑइलचे करायचे काय, ते समजून घेऊ.

एक्स्ट्रॅक्टर म्हणजे नेमके काय?

झाकणबंद टाकी, तिच्यावर हाताने मारायचा पंप आणि एक लांब, बारीक नळी. एवढेच हे यंत्र. पंप मारला की टाकीतली हवा बाहेर जाते. आत हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरचा दाब इंजिनातले ऑइल नळीतून टाकीत ढकलतो. नळी आत घालायची ती डिपस्टिकच्या वाटेने. ऑइल पाहण्यासाठी आपण जी पट्टी बाहेर काढतो, तिची नळी थेट खालच्या चेंबरपर्यंत उतरलेली असते.

ही पद्धत काही नवी नाही. बोटीतले इंजिन तळाशी बसवलेले असते, त्याच्याखाली भांडे ठेवायलाही जागा नसते. म्हणून तिथे ऑइल वरूनच ओढतात. मर्सिडीजसारख्या काही युरोपीय गाड्यांच्या वर्कशॉपमध्येही ही पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे ती घरगुती वापरात आत्ता येऊ लागली आहे.

बॅटरीवर चालणारे छोटे पंपही मिळतात. त्यांची नळी बारीक आणि ताकद कमी असते. थंड, घट्ट ऑइल ओढताना ते दमतात. असा पंप पेट्रोल काढायला कधीही वापरू नये. मोटारीतून ठिणगी उडाली तर आग लागू शकते.

फायदा कोणता?

पहिला फायदा सुरक्षिततेचा. घरी ऑइल बदलणारे अनेक जण गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरतात. जॅक हा चाक बदलण्यापुरता असतो, माणूस खाली झोपण्यासाठी नाही. मातीच्या अंगणात तो कधी रुतेल किंवा कलंडेल याचा भरवसा नसतो. एक्स्ट्रॅक्टरने काम करताना गाडी चारही चाकांवर उभी राहते.

दुसरा फायदा ड्रेन प्लगचा. चेंबरच्या तळाचा हा नट दरवेळी खोलून, जोर लावून आवळला की कधीतरी त्याचे आटे जातात. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर लवकरच. मग थेंब-थेंब गळती सुरू होते आणि खर्च वाढतो.

तिसरा फायदा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरले गेले असेल, तर वरचे अर्धा लिटर काढायला हे यंत्र अगदी सोयीचे पडते. जास्त ऑइल म्हणजे जास्त चांगले, हा गैरसमज आहे. पातळी फार वर गेली तर फिरती क्रँकशाफ्ट ऑइल घुसळते, फेस होतो आणि फेसाळ ऑइल नीट वंगण देत नाही. सीलवरही ताण येतो.

काम कसे करायचे?

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावा. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून बंद करा. ऑइल कोमट झाले की पातळ होते आणि सहज ओढले जाते. लांबून आल्या आल्या उकळत्या ऑइलला हात घालू नका. अर्धा तास थांबा. गरम ऑइलने कातडी भाजते आणि नळीही मऊ पडून दुमडते.

डिपस्टिक काढून तिची लांबी नळीवर खुणेने मोजून घ्या. ऑइल भरण्याचे झाकण सैल करा, म्हणजे आत हवा जाईल. आता नळी हळूहळू आत सोडा. खुणेच्या थोडी पुढे गेल्यावर ती तळाला टेकल्याचे हाताला कळते. जबरदस्ती करू नका. नळी आत तुटली तर ती काढण्यासाठी चेंबर उतरवावे लागू शकते.

पंप मारा. नळीतून गुडगुड आवाज येऊ लागला की ऑइल संपत आले असे समजा. तेवढ्यावर थांबू नका. नळी थोडी वर-खाली करा, फिरवा, पुन्हा पंप मारा. अनेकदा आणखी पाव-अर्धा लिटर निघते.

मग ऑइल फिल्टर. तो बदलल्याशिवाय ऑइल बदलणे अर्धवट राहते, कारण जुन्या फिल्टरमध्ये काळे ऑइल आणि कचरा तसाच असतो. नवा फिल्टर बसवण्यापूर्वी जुन्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने तपासा. एकावर दुसरी रिंग बसली तर इंजिन सुरू होताच ऑइलची चिळकांडी उडते. नव्या रिंगला थोडे ताजे ऑइल लावा. फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि त्यानंतर किती आवळायचा ते त्याच्या खोक्यावर दिलेले असते, तेवढाच आवळा.

नवे ऑइल एकदम पूर्ण ओतू नका. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा. इंजिन एक मिनिट चालवा, बंद करा, पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहा. मग थोडे-थोडे भरत पातळी वरच्या खुणेच्या जवळ आणा, तिच्या वर नेऊ नका.

सगळे ऑइल निघते का?

खरा प्रश्न हा आहे आणि त्याचे उत्तर गाडीगणिक बदलते. काही इंजिनांत डिपस्टिकची नळी चेंबरच्या सर्वांत खोल भागात उतरते. तिथे एक्स्ट्रॅक्टर ड्रेन प्लगइतकेच ऑइल काढतो. काहींत ती बाजूला उतरते किंवा वाटेत वळण असते. तिथे बरेच जुने ऑइल तळाशी राहते. काही नव्या गाड्यांना तर डिपस्टिकच नसते.

आपल्या गाडीचे काय, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. पहिल्या वेळी गॅरेजमध्येच एक्स्ट्रॅक्टरने ऑइल काढा आणि लगेच मिस्त्रीकडून ड्रेन प्लग खोलून घ्या. खाली चमचा-दोन चमचे पडले, तर ही पद्धत तुमच्या गाडीला चालते. कपभर किंवा त्याहून जास्त पडले, तर चालत नाही. चाचणी केली नसेल तर निदान निघालेले ऑइल मोजा. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल असते, मोठ्या डिझेल गाडीत पाच-सहा लिटरपर्यंत. टाकीवरच्या खुणांतून हा हिशेब सहज कळतो.

आणखी दोन मर्यादा आहेत. तळाशी बसलेला घट्ट गाळ बारीक नळीतून येत नाही. जुन्या, वेळेवर सर्व्हिसिंग न झालेल्या गाडीला म्हणूनच ड्रेन प्लगच बरा. शिवाय अनेक गाड्यांत फिल्टर खालच्या बाजूला असतो. तो बदलायला गाडीखाली जावेच लागते आणि मग एक्स्ट्रॅक्टरचा निम्मा फायदा संपतो. बॉनेट उघडल्यावर फिल्टर वरून हाताला लागतो का, हे यंत्र घेण्याआधी पाहावे.

कोणते ऑइल, किती दिवसांनी?

डब्यावरचा ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० हा आकडा मॅन्युअलमध्ये दिला असेल तोच घ्या. ‘आपल्याकडे ऊन जास्त, मग घट्ट ऑइल घाला’ हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राखेचे ऑइल लागते. चुकीच्या ऑइलने तो महागडा फिल्टर तुंबतो.

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातले जे आधी येईल ते, अशी मुदत असते. मात्र धुळीचे रस्ते, जवळच्या जवळ फेऱ्या, भरलेली गाडी हा वापर मॅन्युअलमध्ये कठीण वापर म्हणून वेगळा धरतात. ऊसतोडीच्या हंगामात शेतरस्त्यांवर फिरणारी गाडी त्यातच मोडते. तिला ऑइल लवकर बदलावे.

ऑइल काळे दिसले म्हणजे खराब झाले, असे मात्र नाही. डिझेल इंजिनात ते थोड्याच दिवसांत काळे पडते, कारण काजळी पोटात घेणे हे त्याचे कामच आहे. चिंता करायची ती ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर. त्याचा अर्थ त्यात पाणी किंवा कूलंट मिसळत आहे. अशा वेळी गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवा.

गाडी वॉरंटीत असेल तर घरी प्रयोग करण्यापूर्वी अटी वाचा. घरी केले तरी ऑइल आणि फिल्टरची बिले जपून ठेवा, किलोमीटर लिहून ठेवा.

काळ्या ऑइलचे काय करायचे?

गॅरेजमध्ये हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. घरी मात्र तीन-चार लिटर काळे ऑइल कॅनमध्ये भरून समोर उभे राहते. बहुतेकदा ते नालीत, बांधावर किंवा उकिरड्यावर जाते. कोणी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतो, कोणी सेंट्रिंगच्या प्लेटांना, कोणी गोचीड जावेत म्हणून जनावरांच्या अंगाला. यातले शेवटचे तर जनावराच्या जिवाशी खेळणे आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचे कण आणि अर्धवट जळालेल्या इंधनाचे घातक घटक असतात. जनावर अंग चाटते, ते पोटात जाते. माणसाच्या कातडीलाही ते वारंवार लागणे वाईट, म्हणून काम करताना हातमोजे हवेत.

पाण्याचा धोका याहून मोठा आहे. एका गाडीतून काढलेले ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी बिघडवू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. गेवराई तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून माजलगावकडे जातो आणि बाकी सारा भार विहिरी-बोअरवर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या भागात हा हिशेब लक्षात ठेवायला हवा. शंभर घरांनी साडेतीन लिटर ऑइल नालीत सोडले, तर ते ३५० लिटर होते आणि पहिल्या पावसात ते ओढ्याला लागते.

घातक कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा होण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. हे ऑइल वाया जाणारी वस्तूही नाही. शुद्ध केले की त्यापासून पुन्हा वंगणाचे मूळ तेल तयार होते.

म्हणून काढलेले ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्येच भरा, झाकण घट्ट लावा. त्यात पाणी, कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल मिसळू नका. मिसळलेले ऑइल कोणी घेत नाही. जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्या. मग हा कॅन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ज्या गॅरेजमधून ऑइलचे ड्रम नियमित उचलले जातात, तिथे नेऊन द्या. ते घेणार का, हे काम सुरू करण्याआधी विचारून ठेवा.

मग घ्यावा की नाही?

वर्षातून एकदा लागणाऱ्या यंत्रासाठी एकट्याने खर्च करणे हिशेबात बसत नाही. भावकीत किंवा गल्लीत चार-पाच गाड्या असतील, फिल्टर वरून निघत असेल आणि चाचणीत ऑइल पूर्ण निघत असेल, तर मिळून घ्यायला हरकत नाही. गाडी जुनी असेल, फिल्टर खाली असेल किंवा काळा कॅन नेऊन द्यायला जागा ठरलेली नसेल, तर ओळखीच्या मिस्त्रीचा खड्डाच बरा. तिथेही एक प्रश्न जरूर विचारा : दादा, हे ऑइल तुम्ही कुठे देता?